सालीसकट राजय्यामामा

"सालीला हात लावायचं न्हाय! सांगून ठेवतो! एका बटाट्याची साल निघाली, तर हा राजय्या ह्या गल्लीत ऱ्हाणार न्हाय!"

"ऱ्हाऊ नका!" महानंदाकाकूंनी त्याच्या दुप्पट आवाजात उत्तर दिलं. "पण जायच्या आधी आमचे चाकू द्या की!"

महाशिवरात्रीची सकाळ होती. गल्लीतल्या महादेवाच्या देवळापुढं मांडव, मांडवात तीन पातेली, दोन शेगड्या, बटाट्यांचं एक भलंथोरलं पोतं आणि त्या पोत्यावर मांडी घालून बसलेले राजय्यामामा. वय अडुसष्ट. वजन ओल्या टॉवेलाइतकं. आवाज मात्र गिरणीच्या भोंग्याचा. समोर गल्लीतल्या सतरा बायका रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. हात रिकामे होते त्याला कारण होतं. आदल्या दिवशी मामा सायकलला पिशवी अडकवून घरोघर फिरले होते आणि सगळ्यांचे चाकू, विळ्या, सोलाणी गोळा करून घेऊन गेले होते. "उद्या देवाचं काम हाय. एमआयडीसीत आपल्या वळखीचा धारवाला हाय. झकास धार लावून आणतो की." बायका खूश झाल्या. एकीनं तर नवऱ्याची दाढीची कात्रीसुद्धा दिली.

सकाळी मामा आले ते रिकामी पिशवी घेऊन.

"धारवाला बंद हाय," मामा म्हणाले. "शिवरात्र."

"मग चाकू कुटंयत?"

"बंद दुकानात."

हे ऐकून महानंदाकाकूंचा जो आवाज लागला, तो अक्कलकोटपर्यंत गेला असणार. तिकडची कुत्री भुंकल्याचं मला नंतर एकानं सांगितलं.

मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो आणि संशय घेत होतो. संशय घेणं हा माझा धंदा नाही, छंद आहे. मी इथल्याच एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक आहे. बाटलीवर मोरचूद लिहिलंय म्हणून आत मोरचूद असेल, असं मी वीस वर्षांत कधी मानलेलं नाही. तेच माणसांचं. आणि राजय्यामामा नावाच्या बाटलीवर गेले आठ महिने जे लेबल दिसत होतं, त्याच्या आत काहीतरी वेगळंच भरलंय याची माझी खात्री झाली होती. काय भरलंय तेवढं कळत नव्हतं. ते आज शोधून काढायचंच, असं ठरवून मी अंघोळ करून आलो होतो.

राजय्यामामा आमचे शेजारी. भिंतीला भिंत. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या बहुतेक तेलुगू घरांसारखं त्यांचंही घर सुतावर वाढलेलं. मामांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात तीस वर्षं चेकिंग केलं. म्हणजे विणून आलेला प्रत्येक टॉवेल उजेडासमोर धरायचा, तळवा फिरवायचा, एखादा धागा सुटलाय का, डाग पडलाय का ते बघायचं आणि निकाल द्यायचा. बिनचूक असेल तर 'पास'. चूक असेल तर 'सेकंड'. मामांच्या हाताखालून खोटा टॉवेल कधी गेला नाही म्हणतात. एकदा मालकाच्या मुलीच्या लग्नात आहेराला ठेवलेले टॉवेल त्यांनी भर मांडवात उजेडाला धरले आणि त्यातले चार बाजूला काढले.

निवृत्त झाल्यावर टॉवेल सुटले, पण चेकिंग सुटलं नाही. मामा भाकरी उजेडाला धरतात. पाहुण्यांनी आणलेली केळी उजेडाला धरतात. आमच्या घरी मुलगी झाली तेव्हा तिला बघायला आले, दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, पाठीवर तळवा फिरवला आणि म्हणाले, "पास." माझी बायको सुनंदा त्या दिवशी रडली ते आनंदानं की भीतीनं, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्यांच्या धंद्यातल्या लबाडीची एक गोष्ट मामा वरचेवर सांगत. "लबाड चेकर काय करतो ठावं हाय का सायंटिस्ट?" मला ते सायंटिस्ट म्हणतात, मी परीक्षानळ्या धुतो म्हणून. "डाग दिसला की तो घडी अशी घालतो, की डाग आत जातो. वरनं बघणाऱ्याला टॉवेल नवाकोरा. मी तीस वर्षांत एकदा बी तसली घडी घातली न्हाय बे!" हे सांगताना ते मांडीवर थाप मारत. मांडी हाडाची असल्यामुळं आवाज लाकडाचा येई.

आता नरसक्का. मामांची बायको. मामा जितके बोलतात तितकी ती बोलत नाही. चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, आणि हे सगळं शेजारणीशी गप्पा मारत, हाताकडं न बघता. मी स्वतः बघितलंय, तिच्या बोटांचा वारा लागून समोरची चिमणी विझली होती.

त्या बोटांचा मान आमच्या गल्लीत शिवरात्रीला व्हायचा. अडीचशे माणसांच्या फराळाला बटाट्याची भाजी, आणि पहिला बटाटा सोलायचा नरसक्कानं. नुसता सोलायचा नाही. वरून सुरू केलेली साल खालपर्यंत एकदाही न तोडता, एका पट्टीत काढायची. मग ती पट्टी नंदीच्या शिंगावर टाकायची, बायकांनी टाळ्या वाजवायच्या आणि मग सगळ्यांनी सोलायला बसायचं. एका वर्षी ती पट्टी नंदीच्या शिंगावरून निघून पार गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या हसीनाचाचीच्या दारापर्यंत पोचली होती. एवढा मोठा बटाटा कुठला, असं ज्याला वाटत असेल त्यानं सोलापुरात येऊन माझ्याशी बोलावं.

गेल्या वर्षी मात्र पट्टी मध्येच तुटली. मामांनी लगेच पुढं होऊन जाहीर केलं, "बटाटं किडकं निघालं. सेकंड!" मी तो बटाटा नंतर उचलून बघितला. किडका नव्हता. बटाटा खोटा नाही आणि मामांचा निकाल खोटा, असं तीस वर्षांत झालेलं नव्हतं. मी ते लक्षात ठेवलं.

आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत हे सालीचं सुरू झालं.

हेही लक्षात घ्या की त्याआधी राजय्यामामा हा सालीचा कट्टर वैरी होता. आमच्याकडं एकदा जेवायला आले तेव्हा भाजीत नखाएवढी साल सापडली, तर ती त्यांनी ताटाबाहेर ठेवली आणि सुनंदाला बोलावून दाखवली. आणि तोच माणूस एका सकाळी भिंतीवरून डोकं काढून मला म्हणाला, "सायंटिस्ट, बटाटं कसं खाता?"

"तोंडानं," मी म्हणालो.

"साल काढून का सालीसकट?"

"काढून."

"मग तुमी बटाटं खात न्हाय," मामा म्हणाले. "तुमी दाणं फेकता आन् मधला भुसा खाता. सालीत हाय की समदं!"

"सालीत हाय की समदं!" हे वाक्य मी तेव्हापासून किमान चार हजार वेळा ऐकलंय. दवाखान्यातून आणलेला एक कागद ते खिशात बाळगत. घड्या घालून घालून त्याचा रुमाल झाला होता. तो उलगडून ते वाचायचे: सालीत तंतू, पोट साफ. सालीत पोटॅशियम, रक्तदाब ताळ्यावर. सालीत लोह. सालीसकट शिजवलं की क जीवनसत्त्व पाण्यात कमी जातं. बटाटा आधी घासून धुवायचा. हिरवा झालेला किंवा मोड आलेला खायचा नाही, तो बाधतो.

मी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक सगळं बरोबर आहे. तंतू सालीत चांगले असतात, साल ठेवून उकडलं की सत्त्व कमी वाया जातं, हिरव्या बटाट्याचंही खरं. फक्त सगळं सालीतच आणि आत नुसता भुसा, ही मामांची स्वतःची भर. आत बरंच काही असतं. झालं, माझा संशय दुप्पट झाला. खोटं बोलणारा माणूस मला समजतो. अचानक खरं बोलायला लागलेल्या माणसाच्या मागं मात्र काहीतरी असतंच.

मामांनी गल्ली हलवून सोडली. सकाळी मोबाइलच्या ग्रुपवर बाकीचे लोक गुलाबाची फुलं टाकत, मामा बटाट्याचा फोटो टाकत. नाक्यावरच्या वड्याच्या गाडीसमोर दहा दिवस उभं राहून त्यांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पोटॅशियम सांगितलं. अकराव्या दिवशी गाडीवाल्यानं हात जोडून सालीसकट एक वडा तळला आणि म्हणाला, "घ्या मामा, पण घरी जाऊन खावा." महानंदाकाकूंच्या पुतण्याच्या लग्नात तर मामा थेट आचाऱ्याच्या मुदपाकखान्यात शिरले, एकेक बटाटा उजेडाला धरून "पास, पास, हिरवं! सेकंड!" करायला लागले. आचाऱ्यानं झारा उगारला. काकू तो अपमान विसरल्या नव्हत्या. शिवरात्रीला त्यांचा आवाज एवढा चढला त्याला तेही कारण होतं.

मी मनातल्या मनात तपास सुरू केला. पहिला संशय, मामा कुठल्या तरी बटाट्याच्या व्यापाऱ्याचे एजंट झालेत. म्हणून एकदा मी सायकलवरून त्यांच्या मागं मार्केट यार्डात गेलो. मामा एका ढिगापुढं दीड तास बसले. दीड तास! मोठे बटाटे सगळे बाजूला सारले आणि लिंबाएवढे बारीक निवडून घेतले. व्यापारीच शेवटी म्हणाला, "मामा, ढीग तुमीच घेऊन जावा, पण उठा." म्हणजे एजंट नव्हे. पण लिंबाएवढेच का? कापावे लागू नयेत एवढेच? मी हेही मनात ठेवून दिलं.

दुसरा संशय चाकूचा. मध्यंतरी एकदा आमच्याकडं कलिंगड आलं आणि आमच्या चाकूची मूठ निखळली, म्हणून मी मामांकडं मागायला गेलो. हा माणूस शेजाऱ्याला सायकल देतो, शिडी देतो, एकदा स्वतःची कवळीसुद्धा बघायला दिली होती. चाकू म्हटल्यावर दारात आडवे उभे राहिले. "न्हाय."

"विळी?"

"न्हाय."

"मग घरात भाजी कशी चिरता?"

"चिरत न्हाय. धुतो आन् टाकतो. सालीत हाय की समदं!"

विचार करा. ज्या घरात चाकू नाही, त्या घरात एकतर संत राहतो नाहीतर काहीतरी घडलेलं असतं. संत मामा नव्हते, हे मला माहीत होतं.

तिसरा संशय पाण्याचा. सोलापुरात नळाला पाणी कसं येतं ते सोलापूरकराला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. चार-पाच दिवसांनी आलेलं पाणी आम्ही देव्हाऱ्यातल्या तांब्यापासून बादलीपर्यंत सगळ्यांत भरून ठेवतो. त्या पाण्यात मामा पहाटे ओट्यावर बसून, कारखान्यातल्या सेकंड टॉवेलाच्या तुकड्यानं, एकेक बटाटा नवजात बाळासारखा घासत. मामा स्वतः! ज्यांनी जन्मात पाण्याचा तांब्या हातानं घेतला नव्हता. आणि नरसक्का? ती आत, पदराखाली हात घेऊन बसलेली.

चौथा चहाचा. पूर्वी गेलं की नरसक्का कपबशीतून चहा आणायची, काठोकाठ. आता मामा स्वतः आणत. स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच. नरसक्कालाही तसलाच अर्धा पेला. "मामा चिक्कू झालेत," मी सुनंदाला सांगितलं.

"तुम्हाला माणसांचं वाईटच दिसतं," सुनंदा म्हणाली.

"मी पुरावे बघतो."

"मग नीट बघा."

तेव्हा मला वाटलं ती टोमणा मारतेय.

आता शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी मामा धारेच्या निमित्तानं चाकू मागायला आमच्या दारात आले, तेव्हा सुनंदा चाकू द्यायला निघालीच होती. मी तिला डोळ्यांनी खुणावलं आणि बाहेर येऊन म्हणालो, "मामा, आमच्याकडच्या चाकूची मूठ निखळलीय." मूठ मी कधीच बसवून घेतली होती. चाकू पिठाच्या डब्यात खुपसून ठेवला. गल्लीतले सगळे चाकू एका पिशवीत जातायत आणि ती पिशवी ह्या माणसाच्या सायकलला आहे, हे माझ्यातल्या संशोधकाला मंजूर नव्हतं.

तर पुन्हा मांडवात या. पोत्यावर मामा, समोर महानंदाकाकू.

"बरं, ऱ्हाऊ द्या तुमच्या गोट्या सालीसकट," काकू शेवटी म्हणाल्या. "हे लिंबाएवढं बटाटं सोलत बसलं तर पुढची शिवरात्र येईल. पोतं तुमी आणलंय, शिजवा तसंच. पण पहिल्या बटाट्याचा मान मोडायचा न्हाय. तो देवाचा हाय आन् नरसक्काचा हाय." असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक बटाटा काढला. बटाटा कसला, नारळच तो. गल्लीतून "वा!" असा आवाज आला. "हा मी घरनं आणलाय. एवढा एक नरसक्का सोलंल, बाकी तुमचं राज्य. झालं?"

खरं म्हणजे इथं भांडण मिटायला हवं होतं. मामांचं पोतं वाचलं होतं, एका बटाट्यानं कुणाचं पोटॅशियम बुडणार नव्हतं. पण मामांचा चेहरा बघून मी खांबापासून सरळ झालो. तो माणूस रागावला नव्हता. घाबरला होता.

"न्हाय," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "एक बी न्हाय."

"का न्हाय?"

"चाकू कुटं हाय?"

सगळ्या एकमेकींचे रिकामे हात बघायला लागल्या. आणि तेवढ्यात मी, वीस वर्षं परीक्षानळ्या धुणारा शहाणा, म्हणालो, "आहे. आमच्या पिठाच्या डब्यात."

सुनंदानं माझ्याकडं असं बघितलं की मळायला काढलेलं पीठच वाटलो असेन मी तिला. पण आता उपाय नव्हता. कुणीतरी धावत जाऊन चाकू आणला. पिठानं पांढरा झालेला तो चाकू काकूंनी पदरानं पुसला आणि नारळाएवढा बटाटा नि तो चाकू नरसक्कापुढं धरला. "घे अक्का. बायका खोळंबल्यात."

नरसक्का नंदीशेजारी नेहमीच्या जागी बसली होती. तिनं एकदा मामांकडं बघितलं. मग पदराखालून उजवा हात बाहेर काढला.

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. हात बाहेर आला तो थरथरत. थोडाथोडका नाही. मागावरचा धोटा जसा इकडून तिकडं पळतो, तसा तो पंजा चाकूकडं जाता जाता इकडून तिकडं पळत होता. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तर डावाही पळायला लागला. चाळीस वर्षं न बघता विड्या वळणारी ती बोटं. त्या बाईनं डोळे खाली घातले आणि तरीही हात पुढं नेत राहिली. अजून बायकांचं लक्ष बटाट्याच्या आकाराकडं होतं. एक क्षण, फार तर दोन, मग त्यांना हात दिसला असता.

"नुव्वु कूसो," मामा तिला हळूच तेलुगूत म्हणाले. तू बस.

आणि दुसऱ्या क्षणी भोंगा वाजला. "ऐका समदे! इकडं बघा! माझ्याकडं बघा!" असं ओरडत तो अडुसष्ट वर्षांचा माणूस पोत्यावर उभा राहिला, दोन्ही हात वर केले, "सालीत तंतू! सालीत लोह! सालीत पोटॅशि..." इथपर्यंत आला आणि पाय फाकून, पोतं घेऊन, धाडकन मांडवात आडवा झाला. पोत्याचं तोंड सुटलं आणि बटाटे निघाले. काय निघाले म्हणता! लिंबाएवढे बटाटे ते, पळायला एकदम हलके. देवळाच्या पायरीवरून, गटारावरून, गल्लीभर. काही बटाटे माढ्याच्या बसला जाऊन भेटले म्हणतात. सतरा बायका बटाट्यांच्या मागं, महानंदाकाकू सर्वांच्या पुढं. हसीनाचाची दारातून ओरडायला लागल्या, "अरे मामू, पाव टूटा क्या? देखो कोई मामू को!" आणि त्यांची बकरी दोर तोडून त्या महापुरात शिरली.

सगळी गल्ली मामांना हसत होती. मामा जमिनीवर पडल्या पडल्या बायकोकडं बघत होते. तिचा हात परत पदराखाली गेला होता. चाकू माझ्या पायाशी पडला होता. मी त्याच्यावर पाय ठेवला.

डाग दिसला की घडी अशी घालायची, की डाग आत जातो. मामांची तसली घडी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. ती त्यांनी स्वतःच्या कंबरेची घातली होती.

बटाटे गोळा होऊन पुन्हा धुऊन होईपर्यंत ऊन चढलं. पहिल्या बटाट्याची आठवण कुणाला राहिली नाही. काकूंचा तो नारळ बकरीनं निम्मा खाल्ला होता. बटाटे अख्खेच उकडले, मिरच्या हातानं मोडून टाकल्या, शेंगदाण्याचा कूट पेरला आणि अडीचशे माणसांनी सालीसकट भाजी खाल्ली. बरी झाली होती. काकूंनी तर दोनदा घेतली, आणि "बरी न्हाय" म्हणाल्या. दुपारी सगळ्यांचे चाकू, विळ्या आणि ती दाढीची कात्री घरपोच आली. धार खरोखरच लावलेली होती. मामा खोटं बोलले तरी त्यात सेकंड माल खपत नाही.

पंगतीत नरसक्का सुनंदाच्या शेजारी होती. मामांनी तिच्यापुढं पत्रावळ ठेवली नाही, खोलगट वाटी आणि चमचा ठेवला, आणि कुणी बघायच्या आत दुसरीकडं वाढायला गेले. ती एकेक बटाटा बराच वेळ चावत होती.

"चिवट लागतंय का अक्का?" सुनंदानं विचारलं.

"लई," नरसक्का म्हणाली. "मला साल कदीच आवडली न्हाय. पण त्यांना ह्या वयात एवढा एकच नाद लागलाय. मोडू न्हाई." मग माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमी बी त्यांची चेष्टा करू नका हां."

मी मान खाली घातली आणि साल गिळली. मनात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. चाकू नसलेलं घर, लिंबाएवढे बटाटे, नवऱ्यानं धुतलेले, अर्धाच भरलेला पेला. मी सगळे पुरावे गोळा केले होते, फक्त खटला भलत्याच माणसावर भरला होता.

एक गोष्ट तेवढी राहिली होती. पंगत उठल्यावर मामा लंगडत देवळाच्या मागं गेले. छंद सुटत नाही. मी मागोमाग गेलो. हसीनाचाचीची बकरी तिथं बांधली होती. मामांनी इकडं तिकडं बघितलं, सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मूठभर साली बाहेर काढल्या. स्वतःच्या पानातल्या. सोलून, लपवून आणलेल्या. आठ महिने ही बकरी का फुगत चालली होती तेही कळलं. चाचींना वाटत होतं, बकरीला दोन करडं होणार.

"मामा," मी म्हणालो.

ते दचकले. मग मी एकटाच आहे असं बघून त्यांनी कवळीवर बोट वाजवलं. "चावत न्हाय मला."

आम्ही दोघं बकरीचं खाणं बघत उभे राहिलो. मला विचारायचं होतं डॉक्टर काय म्हणाले, औषध चालू आहे का, हात आणखी किती... पण मामांनी खिशातला तो रुमालासारखा कागद काढून त्यालाच हात पुसले, आणि मी काही विचारलं नाही. ते बकरीला भरवत राहिले, जणू हेही त्यांच्या चेकिंगचंच काम होतं. कंबर बरीच दुखावली असावी. एका हातानं भिंत धरली होती.

"मामा," मी शेवटी म्हणालो, "चाकूचं माझं चुकलं."

"हं."

"पण पुढच्या वर्षी परत शिवरात्र येणार. काकू परत बटाटा आणणार. दर वर्षी पोत्यावरनं पडणार का?"

मामांनी शेवटची साल उजेडाला धरली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि बकरीच्या तोंडात दिली.

"साबुदाणा करू की," ते म्हणाले. "त्याला साल नसती."